तेहेतीस अंशांचा गुडघा

एक कोडं सोडवा. एकीकडे हॉट योगाचा बंद हॉल आहे. हीटर लावून हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली, सापेक्ष आर्द्रता ४० टक्के. दुसरीकडे मे महिन्यातल्या दुपारी अंधेरीतल्या कुठल्याही सोसायटीतली साधी खोली आहे. तापमान ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के आणि नेमकी वीज गेलेली. पाण्याची वाफ कुठल्या हवेत जास्त असेल?

बहुतेक जण हॉलकडे बोट दाखवतील. पण हिशोब करून पाहा. हॉलमधल्या एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, तर अंधेरीच्या त्या खोलीत साधारण २३ ग्रॅम! पैसे भरून, खास यंत्रं लावून जी दमट हवा तयार करायची, तिच्याहून दमट हवा आपल्या उपनगरांत उन्हाळाभर फुकट मिळते.

ही नुसती गंमत नाही. ज्यांचे गुडघे, मनगटं, बोटांची पेरं संधिवातानं आखडलीत, त्यांच्या दृष्टीनं हा आकडा फार मोलाचा आहे. कारण त्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: शेकल्यावर सांधा मोकळा होतो, मग अख्ख्या शरीराला शेक देणारा हॉट योगा किती छान असेल? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला सांध्याच्या आत उतरावं लागतं, आणि तिथे जे दिसतं ते थक्क करणारं आहे.

आधी हा तापलेला हॉल आला कुठून ते पाहू. या प्रकाराचा जगभर गाजलेला साचा कोलकात्याच्या बिक्रम चौधरींचा. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णूचरण घोष हे त्यांचे गुरू. बिक्रम १९७० च्या दशकात अमेरिकेत गेले आणि २६ आसनं, २ श्वसनप्रकार, ९० मिनिटं आणि ४० अंशांची खोली असा ठरीव क्रम त्यांनी रुजवला. त्या क्रमावर कॉपीराइट सांगता येत नाही, असा निकाल अमेरिकी अपील न्यायालयानं २०१५ मध्ये दिला. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर अनेक स्टुडिओंनी त्यांचं नाव पाटीवरून काढलं आणि ‘हॉट योगा’ एवढंच ठेवलं.

म्हणजे तापलेली खोली ही योगाच्या इतिहासात अगदी अलीकडची पाहुणी. ‘हठयोगप्रदीपिका’ हा शेकडो वर्षं जुना ग्रंथ तर साधनेच्या सुरुवातीच्या काळात अग्नीजवळ बसणं टाळायला सांगतो! तोच ग्रंथ परिश्रमानं आलेला घाम अंगावर चोळायला सांगतो. घाम हवा, पण तो आतल्या श्रमातून आलेला.

सामान्य माणसासाठीचा योग मात्र उपनगरांच्या अगदी ओळखीचा आहे. २५ डिसेंबर १९१८ रोजी अंधेरीजवळच्या वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या ‘द सँड्स’ या समुद्रकाठच्या बंगल्यात श्री योगेंद्र यांनी द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली. ती पुढे सांताक्रूझला गेली आणि आजही तिथे आहे. गुहेतला योग त्यांना घरसंसार सांभाळणाऱ्या माणसापर्यंत आणायचा होता, म्हणून त्यांनी आसनं सोपी केली. त्यांचे गुरू परमहंस माधवदासजी. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. आसन करायचं आणि काय घडतंय तेही मोजायचं, ही आपल्याकडची शंभर वर्षांची रीत आहे. तीच रीत घेऊन आता गुडघ्यात शिरू.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. दोन कूर्चा एकमेकींवर सरकताना होणारं घर्षण बर्फावर बर्फ सरकताना होतं त्याहूनही कमी! आणि त्यासाठी सांध्यात वंगण किती असतं? निरोगी गुडघ्यात ४ मिलिलिटरच्या आत. चहाचा एक चमचाही भरणार नाही. तेवढ्यावर माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जिने चढतो.

आणखी नवल म्हणजे या कूर्चेत एकही रक्तवाहिनी नाही. मग ती जगते कशी? शरीरातल्या बहुतेक पेशींना रक्त घरपोच जेवण आणून देतं, कूर्चेच्या पेशींना ते नशीब नाही. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं आणि सोडला की परत आत शोषलं जातं, तसं कूर्चेचं आहे. पाऊल टेकलं की ती दाबली जाते आणि टाकाऊ द्रव बाहेर पडतो. पाऊल उचललं की ताजा द्रव पोषण घेऊन आत शिरतो. म्हणजे सांध्याची हालचाल हेच कूर्चेचं जेवण! ‘दुखतंय म्हणून हलवायचंच नाही’ असं ठरवलेल्या सांध्याची अक्षरशः उपासमार होते.

कूर्चेत वेदनेच्या नसाही नाहीत. मग झिजल्यावर एवढं दुखतं कुठे? दुखतं ते आजूबाजूला. कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तरात, बाहेरच्या पिशवीसारख्या आवरणात, अस्थिबंधांत आणि थकलेल्या स्नायूंत. एक्स-रेमध्ये भयंकर दिसणारा गुडघा घेऊन कुणी आरामात फिरतं, तर किंचित झिजलेल्या गुडघ्यानं दुसरं कुणी रात्रभर तळमळतं, त्याचं निम्मं रहस्य इथे आहे.

आता तापमान. शरीराच्या आत ३७ अंश असतात, हे शाळेपासून पाठ आहे. गुडघ्याच्या आत किती असतील? संशोधकांनी निरोगी गुडघ्यात बारीक तापमापक घालून पाहिलं, तेव्हा आकडा निघाला ३२ ते ३३ अंश. शरीराच्या गाभ्यापेक्षा चार-पाच अंश थंड! गुडघ्यावर उष्णता निर्माण करणाऱ्या स्नायूंची जाड दुलई नाही आणि भोवती हवा खेळती. हा ३३ चा आकडा लक्षात ठेवा, तो थोड्या वेळानं फार मोठा खुलासा करणार आहे.

शेकल्यावर बरं का वाटतं? आजीच्या वाळूच्या पुरचुंडीपासून आजच्या गरम पाण्याच्या पिशवीपर्यंत सगळ्यांचा हा अनुभव. आयुर्वेदातही आमवाताला वाळूचा कोरडा शेक सांगितलेला आहे. १९६० च्या सुमारास राइट आणि जॉन्स या दोन संशोधकांनी बोटाच्या सांध्याचा ताठरपणाच यंत्रानं मोजला. बोट ४५ अंशांपर्यंत गरम केल्यावर ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी उतरला. मांजराच्या मनगटावर केलेल्या पुढच्या प्रयोगात त्यांनी या ताठरपणाची वाटणीही शोधली: सांध्याचं आवरण ४७ टक्के, स्नायू ४१, स्नायूबंध १० आणि त्वचा फक्त २. म्हणजे आखडलेपणाचा मोठा वाटा आवरण आणि स्नायूंचा आहे, आणि दोघंही उबेला दाद देतात.

दुसरी करामत मज्जारज्जूत घडते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक दार ओलांडतो. ऊब, स्पर्श, चोळणं यांचे संदेश त्याच वेळी आले तर ते दार थोडं लोटलं जातं. ठेच लागल्यावर आपण न शिकवता पाय चोळतो, ते का, हे तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट ऐकून तर जीभच पुढे येईल. नसांच्या टोकावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर ते उघडतं आणि ‘चटका!’ अशी बातमी मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच प्रथिन उघडतं. म्हणून तिखट ‘जळतं’! डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ते शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता पुढचा भाग ऐका. सांधा सुजला की तिथली दाहक रसायनं या प्रथिनाचा उंबरठा खाली आणतात, इतका खाली की शरीराच्या साध्या तापमानालाही ते उघडू लागतं. सुजलेला सांधा बाहेरून काही न लावताच भाजल्यासारखा का वाटतो, हे कळलं ना?

इथे ऊब आपला दुसरा चेहरा दाखवते. संधिवात हे एकच नाव असलं तरी दुखणी अनेक. त्यातली दोन नेहमी भेटणारी: झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. आमवातात शरीराची संरक्षक फौजच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते. अशा भडकलेल्या गुडघ्याच्या आतलं तापमान मोजलं तर ते ३६ च्या आसपास सापडतं. निरोगी ३३, भडकलेला ३६. फरक फक्त तीन अंशांचा.

तीन अंशांनी काय होतं? १९७४ मध्ये हॅरिस आणि मॅक्क्रॉस्करी यांनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं, कूर्चेचा धागा कुरतडणारं विकर परीक्षानळीत तपासलं. ३६ अंशांना त्यानं ३३ अंशांच्या तुलनेत सुमारे चौपट धागा फस्त केला! परीक्षानळी म्हणजे जिवंत गुडघा नव्हे, हे खरं. तरीही गुडघा थंड असण्यातच कूर्चेचं संरक्षण दडलेलं असावं, ही कल्पना किती विलक्षण आहे. लाल, गरम, टम्म सुजलेल्या सांध्याला आणखी ताप देऊ नये, या जुन्या वैद्यकीय सल्ल्यामागे असंही काही रसायन असू शकतं.

तेव्हा पहिला नियम सहज निघतो. आखडलेल्या पण थंड सांध्याला ऊब चालते. भडकलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या सांध्याला विश्रांती आणि गार पट्टी. रोज सकाळी हाताच्या पाठीनं गुडघा चाचपून आधी नडगीच्या, मग मांडीच्या त्वचेशी तुलना करायची. निरोगी गुडघा दोन्हींपेक्षा किंचित गार लागतो. गरम लागला तर त्या दिवशी हॉट योगा नाहीच.

आता सांध्यातून बाहेर येऊ आणि अख्ख्या शरीराकडे पाहू, कारण शेक आणि तापलेली खोली यांत एक मूलभूत फरक आहे. गरम पाण्याची पिशवी एका गुडघ्याला ऊब देते आणि तिथून निघालेली उष्णता उरलेलं शरीर आरामात वाटून घेतं. तापलेल्या खोलीत वाटून घ्यायला थंड जागाच उरत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश आणि हवा ४०, म्हणजे उष्णता हवेतून शरीरात शिरते. शिवाय स्नायू आतून उष्णता तयार करतच असतात. सुटकेची एकच वाट राहते, ती म्हणजे घाम.

आणि घाम हा काय अजब शोध आहे! आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच: तो वाळला पाहिजे. चटईवर टपटप पडलेला थेंब काहीच थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. ‘आज किती घाम गाळला!’ याचा खरा अर्थ बऱ्याचदा ‘आज किती घाम वाया गेला’ असा असतो.

सुरुवातीचं कोडं इथे उपयोगी पडतं. हवेत आधीच जितकी वाफ, तितकं घाम वाळणं अवघड. मुंबईत मे महिन्यात, पंखा नसेल तर, घाम वाळण्याची परिस्थिती त्या तापवलेल्या हॉलपेक्षाही किंचित वाईट असते. मुंबईकराचं शरीर त्या हॉलमध्ये शिरण्याआधीच, लोकलच्या डब्यात आणि स्टेशनच्या पुलावर, उष्णतेशी झुंजून आलेलं असतं.

निरोगी माणसांचं काय होतं? अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या २०१५ च्या पाहणीत २० निरोगी लोकांना तापमान मोजणारी कॅप्सूल गिळायला दिली आणि बिक्रम योगाच्या वर्गात पाठवलं. कॅप्सूल पोटातून आकडे पाठवत राहिली. वर्ग संपत आला तेव्हा एकाचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं होतं. गंमत म्हणजे उष्णता सोसत नसल्याची लक्षणं कुणालाच जाणवली नाहीत! उष्णता किती चढली हे सांगण्याच्या कामी आपली जाणीव फार कच्ची आहे.

तीव्र संधिवाताच्या माणसाची गोष्ट याहून नाजूक. दुखऱ्या सांध्यात वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं असतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ती बनूच देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण हीच रसायनं शरीरातलं पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम करतात! गोळी घेऊन घामाघूम झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा हा आधारच निघून जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, सोबत असतील तर धोका आणखी वाढतो. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेटही मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. पाणी आटलं की ते शरीरात साचू शकतं. काही औषधांनी घामच कमी येतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. शिवाय आमवातात हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. म्हणून वर्गाची फी भरण्याआधी गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन डॉक्टरांकडे जाणं ही खरी पहिली पायरी.

ऊब आणखी एका ठिकाणी फसवते. गरम खोलीत आवरण आणि स्नायू सैल होतात, वेदनेचं दार लोटलेलं असतं, वर सकाळची गोळी काम करत असते. काल जिथे थांबत होतो त्याच्या दोन इंच पुढे आज सहज जातो. पण सैल झालेल्या अस्थिबंधांची ताकद तर वाढलेली नसते! आमवातानं ते आधीच कमकुवत केलेले असतील तर ताणाची किंमत दुसऱ्या दिवशी कळते. म्हणून ताणण्याची हद्द गार खोलीत ठरवावी आणि गरम खोलीत तिच्या अलीकडेच थांबावं.

सांध्यावर नेमका किती भार पडतो, हे बर्लिनमधल्या संशोधकांनी ज्या रीतीनं शोधलं ती ऐकाच. त्यांनी कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली. शस्त्रक्रिया झालेली माणसं चालू लागली आणि त्यांचा गुडघा आतून बिनतारी आकडे पाठवू लागला! दोन्ही पायांवर उभं असताना एका गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाएवढा भार येतो. एका पायावर उभं राहिलं की तो अडीच पटींच्या पुढे जातो, आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ६० किलोच्या बाईंच्या गुडघ्यावर घाटकोपर स्टेशनचा जिना उतरताना दर पावलाला दोनशे किलोंचा भार! बिक्रमच्या क्रमात एका पायावरची आसनं बरीच आहेत, पायाच्या चवड्यावर बसण्याचं आणि वज्रासनात मागे झोपण्याचंही आसन आहे. तीव्र झीज असलेल्या गुडघ्यानं ती सोडून द्यावीत, कृत्रिम गुडघा असेल तर नक्कीच. उरलेली भिंतीला किंवा खुर्चीला धरून करावीत. हातानं घेतलेला आधार हा गुडघ्यावरून उतरवलेला भार असतो.

आणि मान! आमवात असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. मानेचे पहिले दोन मणके एका मजबूत बंधानं जागच्या जागी धरलेले असतात आणि त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. जुन्या, तीव्र आमवातात हा बंध सैल पडू शकतो. मान पुढे वाकवली की मणका सरकून मज्जारज्जूला धक्का लागण्याचा धोका असतो, आणि कित्येकांना त्याआधी काहीच जाणवत नाही. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मान छातीला दाबण्याचे प्रकार हे सगळं मान वाकवून-ताठ करून काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी पाहीपर्यंत बंद. हातांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, डोक्याच्या मागे खालून वर चढणारी कळ ही लक्षणं असतील तर योगवर्गाआधी दवाखाना.

मग एवढं सगळं सांभाळून गरम खोलीत गेलं, तर जास्तीचं मिळतं तरी काय? टेक्सासमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मध्यमवयीन लोकांचे गट केले. एका गटानं बिक्रमचा क्रम ४० अंशांत केला, दुसऱ्यानं तोच क्रम २३ अंशांत. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या रक्तवाहिन्या सारख्याच सुधारल्या! रक्तवाहिन्यांना फायदा आसनांनी दिला, त्यासाठी खोली तापवायची गरज नव्हती.

संधिवाताच्या रुग्णांवरचे प्रयोगही हेच सुचवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगात आमवात किंवा गुडघ्याची झीज असलेल्या ७५ जणांपैकी काहींना आठ आठवडे बेतशीर योग दिला. त्यांची शारीरिक क्षमता, दुखणं, मनःस्थिती सुधारली आणि नऊ महिन्यांनीही बराच फायदा टिकून होता. दिल्लीच्या एम्समध्ये आमवाताच्या ७२ रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला. त्यांची नेहमीची औषधं चालूच होती. योग करणाऱ्या गटात आजाराची तीव्रता, रक्तातल्या दाहाच्या खुणा आणि नैराश्य कमी झालेलं आढळलं. ते अहवाल २०१९ चे. यांत कुठेही खोली तापवलेली नव्हती.

इतकं कळल्यावर उपनगरात राहणाऱ्या माणसाचा मार्ग स्वच्छ दिसतो. सांधा शेकायचा, खोली गार ठेवायची. आखडलेल्या गुडघ्याला पंधरा-वीस मिनिटं सोसवेल असा शेक द्या, किंवा कोमट पाण्यानं आंघोळ करा आणि लगेच, पंखा चालू ठेवून, सराव सुरू करा. आवरण सैल झालेलं, गाभा गार. हॉट योगाचा जो खरा लाभ, तो असा पदरात पडतो आणि धोका बाहेर राहतो.

वेळही विचारपूर्वक निवडा. आमवातात दाह वाढवणारी रसायनं पहाटे शिगेला जातात, म्हणून सकाळी तास-तासभर बोटं वळत नाहीत. शरीराच्या आत घड्याळ आहे आणि आजारही ते घड्याळ पाहून वागतो! पहाटे पाचला उठून आसनं करण्याचा हट्ट अशांनी धरू नये. ताठरपणा ओसरल्यावर, पण ऊन तापण्याआधी, किंवा संध्याकाळी वारा सुटल्यावर करावं. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरतो, त्यामुळे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळचा फेरफटका मारून मग सराव केला तरी चालतं.

आणि खुर्ची घ्या. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुढच्या कित्येक दशकांत त्यांनी खुर्ची, पट्टा, विटा, दोर, लोड यांना योगाची साधनं बनवलं. शरीराला आसनापर्यंत ओढायचं सोडून त्यांनी आसनच शरीरापर्यंत आणलं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू घट्ट आवळून पाच श्वास धरायचा, सोडायचा. एवढीशी ही कृती किती मोलाची आहे पाहा: गुडघ्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साचलं की मज्जारज्जू आपोआप मांडीच्या स्नायूची शक्ती कमी करून टाकतो. मांडी कमजोर म्हणून गुडघा हलतो, हलतो म्हणून सुजतो, सुजतो म्हणून मांडी आणखी कमजोर. हे दुष्टचक्र तोडायचं हत्यार म्हणजे हा साधा व्यायाम. सोबत वजन थोडं उतरलं तर फारच उत्तम, कारण शरीराचं एक किलो कमी झालं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो.

तरीही कुणाला गरम हॉलचीच ओढ असेल, डॉक्टरांनी औषधं, मान, हृदय पाहून होकार दिला असेल, तर काही गोष्टी ठाम ठरवून जा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नकोच. सुरुवात दाराजवळच्या जागेवर, पंधरा-वीस मिनिटांची, आणि शक्य असेल तर कमी तापवलेल्या वर्गात. शिक्षकांना आधी आजार सांगा, आणि ‘मध्येच बाहेर जायचं नाही’ असं म्हणणारा वर्ग सोडून द्या. आधी-नंतर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर, मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकलं, घाम अचानक थांबला की त्याच क्षणी बाहेर. आणि दुसऱ्या दिवशीचा हिशोब पाहा: सरावानंतरचं वाढलेलं दुखणं दोन तासांच्या वर टिकलं किंवा सांधा सुजला, तर पुढच्या वेळी निम्मं करा.

शिकायला लांब जायची गरज नाही. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट आहे. निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरचे विनामूल्य वर्ग ठाणे-मुंबईत अनेक शाळांमधून चालतात. बाकी आपल्याकडे काय हवं ते सगळं आहे: ऊब फुकट आहे, खुर्ची घरात आहे, पंखा डोक्यावर आहे. उद्या सकाळी गुडघ्यावर हात ठेवून पाहा. तो गार लागला तर शेक द्या, बसा आणि पाय सरळ करा. गरम लागला तर डॉक्टरांना फोन करा. पण हलणं कायमचं सोडू नका, कारण तुमच्या कूर्चेला जेवण मिळण्याचा दुसरा मार्ग नाही.